वहीतली ती

धाकटीला जुळं झालं त्या वर्षी कंपनीची माणसं पहिल्यांदा विहिरीवर आली. जुळी मार्चमध्ये झाली आणि ही माणसं मेच्या पहिल्या शनिवारी. मी धाकटीकडे दीड महिना राहून नुकतीच परतले होते. सकाळी दार उघडून पाहते तर बाहेर पंचवीस-तीस जण एकसारखे पोपटी टी-शर्ट घालून उभे. मला वाटलं, रस्ता चुकलेली शाळेची सहल असावी. मग पाहिलं तर निम्म्यांच्या डोक्यावर टक्कल.

आमचे हे पाणीखात्यात राखणदार होते. शहराच्या जुन्या भागात रस्त्यापासून खाली उतरून एक दगडी विहीर आहे. चार मजली घर उलटं करून जमिनीत पुरावं तशी. तळापर्यंत बहात्तर पायऱ्या. तिच्या काठावर खात्याच्या दोन खोल्या, आणि लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या दोन खोल्यांत. विहिरीचं पाणी प्यायचं बंद होऊन जमाना लोटला होता. लोक वरून बाटल्या आणि पिशव्या टाकायचे, आणि हे सकाळी फाटकाचं कुलूप काढायचे, संध्याकाळी लावायचे. मधल्या वेळात विहिरीभोवती फिरायचे.

हे बोलत नसत. भांडण म्हणून नव्हे, स्वभावच तसा. दिवसाला मोजून चार शब्द: चहा, आलो, किल्ली, झोपतो. थोरलीच्या लग्नात व्याह्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्यांना ऐकू कमी येतं का?" मी म्हटलं, ऐकू सगळं येतं, परत काही येत नाही.

तर ती पोपटी माणसं. एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत कामाला होती. कंपनीनं ठरवलं होतं की महिन्यातले दोन शनिवार कर्मचाऱ्यांनी जुन्या वास्तू आणि पाणवठे साफ करायचे. त्यांच्याकडे हातमोजे होते, कोऱ्या करकरीत टोपल्या होत्या, आणि फोटो काढायला एक साहेब होता. पायऱ्यांवर तो म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." मी त्या वेळी तीच पायरी झाडत होते. तीस वर्षं झाडत होते. मी बाजूला झाले आणि त्यानं त्या झाडलेल्या पायरीवर झाडू घेतलेल्या एका गोऱ्या नाजूक मुलाचा फोटो काढला. घरी हा मुलगा स्वतःचं ताट तरी उचलत असेल का, असं माझ्या मनात आलं. मनात कसलं, तोंडूनच गेलं. मुलगा हसला. म्हणाला, "नाही उचलत, काकू. आई ओरडते." त्याच्यावर रागावता येईना.

खरी ठिणगी पडली ती अकराच्या सुमाराला. दगडांच्या फटींत रोपं उगवली होती, काही तर मनगटाएवढ्या खोडाची. एक दांडगा माणूस दोन्ही हातांनी एक रोप उपटायला लागला, आणि वरून आवाज आला, "थांब! ओढू नकोस!"

मी मान वर करून पाहिलं, कोण ओरडलं म्हणून. हे होते. धावत खाली आले. इतका मोठा आवाज मी माझ्या दोन्ही बाळंतपणांत ऐकला नव्हता.

"मूळ ओढलंस तर दगड बरोबर येईल," हे म्हणाले. "वरून कापायचं. साल सोलायची. मूळ आतल्या आत वाळू द्यायचं, वर्षभर. मग फटीत चुना भरायचा. सिमेंट नाही, चुना. सिमेंट दगडाला श्वास घेऊ देत नाही."

गर्दीतून एक मुलगी पुढं आली. तिशीची असेल. केस आखूड, चष्मा, आणि सगळ्यांच्या हातात टोपली तर हिच्या हातात वही. म्हणाली, "काका, परत सांगा ना. लिहून घेते."

आणि ह्यांनी परत सांगितलं.

मला ह्या माणसानं उभ्या आयुष्यात एक गोष्ट दोनदा सांगितली नव्हती. एकदाच सांगायचे, तीही अर्धी. आणि ह्या कालच्या पोरीला पहिल्यापासून शेवटपर्यंत, वर आणखी हातवारे करून. मी तिथल्या तिथं तिचं नाव ठेवलं वहीवाली, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याच गोळीनं थांबण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर दर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी ती माणसं यायची. बाकीचे गाळ काढायचे, रांग करून टोपल्या वर द्यायचे, दुपारी पाठ धरून बसायचे. वहीवाली ह्यांच्या मागं मागं फिरायची. हे एक पायरी उतरले की ती एक उतरायची. मी वरून पाहायची. ऐकू यायचं नाही, पण ह्यांचे ओठ हलताना दिसायचे. सारखे हलायचे. शुक्रवारी हे दाढी करायला लागले. आधी दाढी सोमवारी असायची.

एकदा मी विचारलं, "काय एवढं सांगत असता तिला?"

"काही नाही," हे म्हणाले.

"दोन तास काही नाही?"

"विहिरीचं असतं."

"मला सांगा की मग विहिरीचं."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ह्यांना नाचून दाखवायला सांगितलं. "तुला काय सांगायचं? तू इथंच असतेस."

थोरलीला फोनवर सांगितलं तर ती खोखो हसली. "आई, बाबा साठीला आले. त्या बाईला नवरा असेल, मुलं असतील. तुला काय वाटतं, ती बाबांना पळवून नेईल? दोन दिवसांत परत आणून सोडेल, बोलत नाहीत म्हणून."

"तिच्याशी बोलतात," मी म्हटलं.

तेवढंच तर दुखणं होतं. हे पळून जातील अशी भीती मला कधीच नव्हती. मला ते हवं होतं जे ती वहीत भरून घेऊन जात होती. माझ्या घरातलं, माझ्या माणसाच्या तोंडातलं, आणि जाताना बंद वहीत. उघडी ठेवली असती तरी मला काय उपयोग? मला वाचता येत नव्हतं. मी सही करायची ती अंगठ्यानं. लहानपणी आम्हा पाच बहिणींत एक पाटी होती आणि ती माझ्यापर्यंत पोचेस्तोवर फुटली.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. एका शनिवारी चहा देताना मी वहीवालीला म्हटलं, "तुमच्या टी-शर्टवर काय लिहिलंय गं?"

"जपू या," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "काकू, वाचायला शिकायचंय का?"

मी तोंड पाडून म्हटलं, "आता ह्या वयात कुठं?" पण मला हेच विचारायला हवं होतं, आणि तिनं विचारलं. तिच्याच वहीचं कुलूप उघडायची किल्ली मी तिच्याच हातून घडवून घेणार होते. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

ती शिकवायची चांगलं, हे कबूल करते. चहाच्या वेळी पंधरा मिनिटं. मधल्या आठवड्यासाठी गिरवायला पान देऊन जायची. मी स्वयंपाकघरात, धुतल्या भांड्यांवर ओल्या बोटानं अक्षरं काढायची. ह्यांच्या समोर बसून गिरवलं तरी ह्यांचं लक्ष नसे. हे खिडकीतून विहिरीकडे पाहत बसलेले. मला ट, ठ, ड, ढ हे चार भाऊ कधी वेगळे ओळखता आले नाहीत. जोडाक्षर आलं की मी ते ओलांडून जायची, खड्डा आला की ओलांडतो तसं. पण आठ महिन्यांत मला ओळ लागायला लागली. वहीवाली म्हणाली, "काकू, तुमच्यासारखी जिद्द मी आमच्या कचेरीत पाहिली नाही." माझी जिद्द कशाची आहे हे तिला कळलं असतं तर तिनं खडूही दिला नसता.

जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी तिला कचेरीतून फोन आला आणि ती घाईनं निघाली. वही आमच्या ओट्यावर राहिली. पुढचा शनिवार दोन आठवड्यांनी.

मी ती पहिल्या दिवशी उघडली नाही. वरून फडकं टाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी हे विहिरीभोवती चक्कर मारायला गेल्यावर मधूनच एक पान उघडलं. पहिल्यापासून वाचण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता, आणि तिचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्या एका पानाला मला पाच दुपारी लागल्या. तोंडपाठ झालं. अजून आहे. त्यात लिहिलं होतं:

"तिचा स्वभाव मला कळतो. सकाळी गार, दुपारी जरा नरम. रागावली तरी तोंडानं सांगत नाही, गढूळ होते. मी आलो की तिला माझी पावलं कळतात. खातं मला दुसरीकडे पाठवत होतं. जागा चांगली होती, घरात नळ होता. पण तिला तसल्या अवस्थेत टाकून कुठं जाणार? साहेबांना जाऊन सांगितलं, बदली नको. तीस वर्षं झाली. तिच्याशिवाय मला करमत नाही."

गढूळ हा शब्द मला लागला नाही. ढ होता ना. मी तो ओलांडून गेले.

आता हे समजायला त्या बदलीचं सांगायला हवं. धाकटीच्या वेळी मला आठवा महिना लागला होता तेव्हा ह्यांच्या बदलीची बातमी आली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला पंपघर होतं, तिथं तीन खोल्या, आणि घरात नळ. मी रस्त्यापलीकडून कळशा भरून आणत होते, पोट सांभाळत. मी तर सामानाची बोचकी बांधायला घेतली होती. मग एक दिवस हे येऊन म्हणाले, "रद्द झाली." मी विचारलं, का? "खात्यानं केली." झालं. मी बोचकी सोडली. खात्याला पुढं वर्षभर शिव्या घातल्या.

आणि आता वहीत हे. खात्यानं नव्हे, ह्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं, माझ्यासाठी. मला तसल्या अवस्थेत हलवायला नको म्हणून. तीस वर्षं मला हे सांगितलंसुद्धा नाही. मी ओट्याजवळ खाली बसले. सकाळी गार, दुपारी जरा नरम. होय, मी सकाळी कुणाशी धड बोलत नाही, हे खरं आहे. रागावले तरी तोंडानं सांगत नाही, हेही खरं. ह्यांच्या चपलांचा आवाज मला तीन गल्ल्यांवरून कळतो. हा माणूस गप्प राहून सगळं पाहत होता तर!

त्या आठवड्यात मी ह्यांच्या चहात साखर जास्त घातली. लग्नातली बांगडी काढून घातली, आणि केस विंचरून छान अंबाडा घातला. हे म्हणाले, "कुठं जायचंय का?" मी म्हटलं, "कुठं जाणार? तुम्हाला करमायचं नाही." ह्यांना काही कळलं नाही. पण मला वाटलं, कळलंय आणि लाजतायत.

वहीवालीबद्दलचा राग सगळा गेला. बिचारी पोर. ती नसती तर हे मला कळलंच नसतं. शनिवारी ती आली तेव्हा मी तिला आत बोलावून वही दिली, वर दोन्ही हातांनी तिचे गाल धरले. "चांगलं लिहितेस गं पोरी."

ती चमकली. "वाचलंत, काकू?"

"एक पान. बदलीचं."

तिचे डोळे भरून आले. "तेच तर पान मी आज सगळ्यांना वाचून दाखवणार आहे! फाटकाजवळ फलक लावायचा आहे ना, त्यावर काकांचेच शब्द घ्यायचे ठरलंय."

मला अवघडल्यासारखं झालं. नवराबायकोतलं फलकावर लावायचं? पण खरं सांगते, आतून बरंही वाटलं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं. त्या फोटोसाहेबानं वाचावं. मावशी, जरा बाजूला व्हा म्हणणाऱ्यानं.

अकरा वाजता सगळे वरच्या पायऱ्यांवर बसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. हे कोपऱ्यात, हात मागं बांधून. वहीवालीनं आधीचं पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली: "काका सांगतात, विहिरीला मी विहीर म्हणत नाही. मी तिला ती म्हणतो."

पुढचं मला पाठ होतं. ती एकेक ओळ वाचत गेली. सकाळी गार, दुपारी नरम. लोक माना डोलावत होते. "रागावली तरी तोंडानं सांगत नाही, गढूळ होते." गढूळ. तेव्हा कळलं तो शब्द कुठला होता. कुणीतरी विचारलं, "तसल्या अवस्थेत म्हणजे?" वहीवाली म्हणाली, "त्या वर्षी पूर्वेची भिंत कोसळली होती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो गोरा मुलगा म्हणाला, "काका, हे तर प्रेमपत्र आहे!" ह्यांनी मान खाली घातली. मी तीस वर्षांत ह्यांना लाजताना पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं.

मी चहा वाटला. एकालाही कमी पडला नाही. वहीवालीनं कप घेताना माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला. हुशार पोर होती. तिला तेवढ्यात कळलं मी काय वाचलं होतं. "काकू," ती म्हणाली. मी म्हटलं, "साखर कमी आहे का?" आणि पुढं गेले.

संध्याकाळी जेवताना मी ह्यांना म्हटलं, "बदली खात्यानं रद्द केली म्हणाला होतात."

ह्यांचा घास हातात राहिला. "मग?"

"तुम्ही केलीत. वहीत आहे."

"तुला वाचता येतं?"

"येतं. आठ महिने तुमच्या समोर बसून शिकले. तुमचं तोंड तिकडे होतं."

ह्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "भिंत पडली होती. नवा माणूस आला असता तर खात्यानं त्याच्याकडून विहीर बुजवून घेतली असती. तसा कागद तयार होता."

"आणि मला आठवा होता. रस्त्यापलीकडून कळशा आणत होते."

"हो."

"हो काय?"

"हो, आणत होतीस."

"मला वाटलं, ती म्हणजे मी. आठवडाभर मला वाटलं ती मीच."

हे हसले असते तर बरं झालं असतं. मीही हसले असते, आणि पोरींना फोन करून सांगितलं असतं की तुमच्या आईनं कसा घोळ घातला. हे हसले नाहीत. ताटाकडे पाहत राहिले.

"एवढं सगळं सांगितलंत तिला," मी म्हटलं. "वही भरली. त्यात माझी एक ओळ नाही?"

ह्यांनी खरंच विचार केला, आठवून पाहिलं. मग म्हणाले, "तिनं विचारलं नाही."

त्या रात्रीपासून माझा वहीवालीवरचा राग गेला तो गेलाच. तिला काय, दोन शनिवार. माझी सवत फाटकाच्या आत होती आणि मी तिच्या पायऱ्या तीस वर्षं झाडल्या होत्या. मी झाडू टाकला. पानं साठली, कुणी विचारलं नाही. हे स्वतः झाडायला लागले. ते पाहून तर माझ्या अंगाची लाहीलाही झाली. घरात ह्यांनी कधी केरसुणीला हात लावला नव्हता.

त्या वर्षाच्या शेवटी हे निवृत्त झाले. खोल्या सोडायच्या होत्या. आणि वहीवाली धावत आली: कंपनीनं खात्याशी बोलून ठरवलं होतं, काकांनी तिथंच राहायचं, येणाऱ्यांना विहीर दाखवायची. गाळ अजून निम्मा बाकी होता, पूर्वेची भिंत बांधायची होती. खोल्या तशाच राहतील, शिवाय घरात नळसुद्धा बसवून देतील.

नळ! तीस वर्षांनी. मला हसूच आलं.

धाकटी कधीची बोलवत होती. जुळी पावणेदोन वर्षांची, तिची नोकरी, एकटीची ओढाताण. वहीवाली गेल्यावर मी ह्यांच्या समोर पाटावर बसले आणि म्हटलं, "मी उद्या धाकटीकडे जाते, कायमची. ती का मी, ते आज सांगा. बोलता येत नसेल तर नुसती बॅग भरा."

हे उठले. बाहेर गेले. विहिरीत उतरताना पावलं ऐकली. मी मोजत होते, बहात्तरपर्यंत. नंतर बराच वेळ काही नाही. तेवढ्या वेळात मी चार वेळा भांडी बांधली आणि सोडली. मग हे वर आले, हात-पाय धुतले, आणि बॅग भरली. सकाळी फाटकाची किल्ली वहीवालीच्या हातात दिली. ती रडली. हे रडले नाहीत. मी जिंकले होते, आणि बसमध्ये खिडकीची जागा मी ह्यांना दिली.

धाकटीचं घर दुसऱ्या मजल्यावर. समोर दुसरी इमारत, मध्ये गाड्या. हे चांगले राहिले, तक्रार नाही. जुळ्यांना मांडीवर घेऊन बसायचे, आणि त्यांच्याशी बोलायचे! मी स्वयंपाकघरातून कान लावायची. "...आणि खाली खाली गेलं की गार वारा. आणि तळाला ती." पोरं विचारायची, "ती कोण?" मी मोठ्यानं म्हणायची, "जेवायला चला." मला ह्यांनी कधी काही सांगितलं नाही. मी समोर वही-पेन्सिल घेऊन बसूनही पाहिलं. "सांगा, मी लिहिते." हे म्हणाले, "लिही. भाजीत मीठ जास्त." मी लिहिलं. पुढं काही आलं नाही. ती एक ओळ माझ्याकडे आहे.

अशी पावणेदोन वर्षं गेली. ऑगस्टच्या दोन तारखेला दुपारी पोस्टमन आला. पाकिटावर माझं नाव. उभ्या आयुष्यात माझ्या नावाचं आलेलं ते पहिलं पत्र. हे झोपले होते. मी खिडकीशी बसून ते वाचलं. अक्षर मुंग्यांसारखं नव्हतं, चांगलं बोराएवढं होतं.

"काकू, मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तुम्हीच वाचा, कुणाकडून वाचून घेऊ नका. सगळा गाळ निघाला. तळाचा झरा मोकळा झाला. पाणी सतरा पायऱ्या चढून वर आलं आहे आणि इतकं स्वच्छ की तळ दिसतो. पूर्वेची भिंत काकांनी सांगितली तशी चुन्यात बांधली. शनिवारी सात तारखेला सकाळी नऊ वाजता फाटक उघडायचं आहे, ते काकांच्या हातून. गाडी पाठवते. काकांना मी काही कळवलेलं नाही. आधी तुम्हाला विचारते आहे, कारण मागं माझ्याकडून तुम्हाला न विचारता एक चूक झाली. तुम्ही पण या. दोन ओळींत कळवा. तुमची वहीवाली."

मी तिला वहीवाली म्हणते हे तिला कुठून कळलं देव जाणे.

ते पत्र मी तीनदा वाचलं. ढ अडला नाही, जोडाक्षरं अडली नाहीत. सगळं लख्ख कळलं. ती तिकडे नवी झाली होती. तळ दिसत होता. आणि माझे गुडघे सुजले होते, जिना उतरायला मला दोन जण लागायचे. हे तिच्यापुढं उभे राहतील, तसेच लाजतील, आणि मी गाडीत बसून पाहीन. मी आत जाऊन ह्यांना उठवलं नाही. पत्र जुळ्यांच्या लहान झालेल्या कपड्यांच्या डब्यात, तळाशी ठेवलं. संध्याकाळी सांगीन म्हटलं. मग म्हटलं, उद्या.

तीन तारखेला मी दोन ओळी लिहिल्या. मी कुणाला लिहिलेलं तेही पहिलंच पत्र. "काकांची तब्येत बरी नाही. येणं होणार नाही." पत्ता धाकटीनं पाकिटावर लिहून दिला. ती म्हणाली, "आई, काय छान लिहितेस गं! काय लिहिलंयस?" मी म्हटलं, खुशाली. हे तेव्हा ठणठणीत होते. पलीकडच्या खोलीत जुळ्यांना पाठीवर घेऊन रांगत होते.

सात तारखेला, शनिवारी सकाळी, हे खिडकीशी मटार सोलत बसले होते. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. हे म्हणाले, "आज शनिवार ना?" मी म्हटलं, हो. बस, एवढंच.

पुढं तीन आठवडे होते. त्यातल्या कुठल्याही दिवशी मला सांगता आलं असतं, गाडी काय, कधीही आली असती. मी सांगितलं नाही.

हे गेले त्याच महिन्याच्या एकोणतीस तारखेला, रविवारी, सकाळी सातच्या सुमाराला, धाकटीच्या घरी.